रोड बाइक की ट्रायथलॉन बाइक : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेले अकरा महिने मी फोंड्यात दोन सायकली आलटून पालटून चालवत आहे. एक सहा वर्षांची अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक आणि दुसरी एका स्नेह्याकडून घेतलेली ट्रायथलॉन बाइक. उद्देश एकच, २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झालेल्या अर्ध-आयर्नमॅनसारख्या स्पर्धेची तयारी, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावणे.

दोन्हींतला खरा फरक सीटखालच्या नळीच्या कोनात आहे. रोड बाइकमध्ये तो साधारण ७३ अंश असतो, तर ट्रायथलॉन बाइकमध्ये ७६ ते ८०, त्यामुळे स्वार पुढे सरकून जवळजवळ पेडलांच्या वर येतो आणि कोपरे एअरोबारवर, म्हणजे हँडलवरून पुढे जाणाऱ्या दोन दांड्यांवर, टेकवून वाकल्यावरही मांडी आणि पोट यांच्यामध्ये जागा उरते. रोड बाइकला वरून एअरोबार जोडून मी तितकाच वाकत असे, तेव्हा गुडघा पोटाला लागे आणि सत्तर किलोमीटरनंतर कंबर धरत असे. नव्या सायकलवर तो त्रास गेला, आणि उतरल्यावर धावण्याचे पहिले चार-पाच किलोमीटर पाय मोकळे राहू लागले. माझ्या मते वेगापेक्षा हाच लाभ मोठा आहे. अर्थात, अशा स्पर्धेत पुढच्या स्वारापासून १२ मीटरचे अंतर राखावे लागत असल्याने वारा ज्याचा त्यालाच झेलावा लागतो, आणि त्यातला बहुतेक अडथळा सायकलचा नसून आपल्या शरीराचाच असतो, हेही खरे.

मात्र हा सगळा लाभ वाकलेल्या स्थितीत टिकून राहता आले तरच मिळतो. गिअर एअरोबारच्या टोकाला आणि ब्रेक खालच्या दांडीवर, अशी रचना असते. म्हार्दोळच्या बाजारापाशी पुढची बस अचानक थांबली, तेव्हा हात टोकावरून ब्रेकपर्यंत नेण्यात गेलेला तो क्षण मला अजून आठवतो. तेव्हापासून फर्मागुडी ते बाणस्तारी मी एअरोबार धरत नाही. पहाटे रायबंदरच्या बांधरस्त्यावर, रहदारी नसताना, सलग वाकून चालवतो. चोर्ला घाटात तर ही सायकल नेणेच चूक ठरले. चढणीला ती जड वाटली आणि उतारावरच्या वळणांवर हातांना भरवसा वाटेना. तिथे रोड बाइकच हवी.

म्हणून एकच सायकल घ्यायची असेल, तर मी रोड बाइक घेऊन तिला एअरोबार जोडण्याचा सल्ला देईन. पहिली स्पर्धा पूर्ण झाल्यावर, सपाट मार्गाच्या लांब शर्यतीच करायच्या असे ठरले आणि आठवड्यातून दोनदा मोकळा रस्ता मिळत असला, तरच ट्रायथलॉन बाइकवर खर्च करावा, आणि त्यातला काही भाग नीट फिटिंगसाठी, म्हणजे सायकल आपल्या अंगाला जुळवून घेण्यासाठी, राखून ठेवावा.

देखभालीबाबत गोव्यातल्यांनी विशेष सावध राहावे. वाकल्यावर नाकावरून गळणारा घाम थेट हेडसेटवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या जोडावर, पडतो. मे महिन्यात हँडल मधोमध अडकू लागले. उघडून पाहिले तर खालच्या बेअरिंगमध्ये मीठ आणि गंज यांचा तपकिरी चिखल झाला होता. केबल आतून गेलेल्या असल्याने ते बदलायला दुकानात बारा दिवस लागले. रोड बाइकचे हेच काम मी घरी एका दुपारी उरकतो. आता एअरोबारच्या मुळाशी टॉवेलची पट्टी बांधतो आणि परत आल्यावर तो भाग ओल्या फडक्याने पुसून घेतो.