अकरा वर्षे शेडमध्ये उभी असलेली 1984 ची प्रीमियर पद्मिनी: घ्यावी का, आणि घेताना काय पाहावे

करवीर तालुक्यातल्या एका गावात, उसाच्या शेताच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही गाडी अकरा वर्षे उभी होती. चारही चाके हवा जाऊन बसलेली, बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, मागच्या सीटवर खताची रिकामी पोती आणि टपावर बोटभर धूळ, अशा अवस्थेत ती मी 65 हजार रुपयांना घेतली. तिला रस्त्यावर आणायला चौदा महिने लागले आणि त्यानंतर ती सुमारे 4,000 किलोमीटर चालली आहे. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. पडून राहिलेली जुनी गाडी घेऊन ती उभी करण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी आजही पद्मिनीइतकी योग्य गाडी दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती इंजिन पाहून नव्हे, तर पत्रा पाहून घ्यावी.

मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. 1964 मध्ये ती फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना ओढ, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, एवढी साधी तिची रचना आहे. हा साधेपणाच गाडी पुन्हा उभी करणाऱ्याच्या कामी येतो, कारण पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी असले की तिची बहुतेक यंत्रणा उघडता येते.

पाहायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने आम्हाला आधी इंजिन दाखवले. माझ्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी तिकडे लक्षच दिले नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलले आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक पत्र्यावर टेकवून नुसते दाबले. आवाज न होता ते आरपार गेले आणि खाली शेडची माती दिसली. “साहेब, इंजिन केव्हाही बांधता येतं, पण हा पत्रा सांगतोय की गाडीत पाणी येत होतं,” असे ते म्हणाले. नंतर दरवाजांखालचे पोकळ पत्रे, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगांची) टोके जिथे बसतात त्या जागा आणि डिकीतली स्टेपनीची जागा त्यांनी अशीच तपासली. पाट्यांच्या जागा शाबूत होत्या म्हणूनच आम्ही व्यवहार केला. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे त्या जागा गेलेल्या असतील तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पत्र्याच्या कामात मला एक धक्काही बसला. डावीकडचा मागचा मडगार्ड बाहेरून गुळगुळीत दिसत होता, पण रंग खरवडल्यावर त्याखाली जवळजवळ अर्धा इंच जाडीची लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) निघाली. पूर्वी कुठल्या तरी गॅरेजमध्ये गंजलेला पत्रा न कापता त्यावरच लांबी भरून रंग मारला होता आणि आत गंज वाढतच राहिला होता. त्यामुळे गाडी पाहायला जाताना लहानसे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्यावे आणि सगळ्या बॉडीवरून फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी आहे असे समजावे. फ्लोअरचा पत्रा कापून नवा बसवणे, वेल्डिंग, रेड ऑक्साइड, प्रायमर आणि मूळचा फिकट निळा रंग, या एवढ्या कामालाच 1 लाख 20 हजार रुपये लागले.

त्या मानाने इंजिनाने फार सतावले नाही. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण पिस्टनच्या अडकलेल्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे जातात. मिस्त्रींनी चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडले आणि दोन दिवस काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून आम्ही दोघांनी ती मागेपुढे हलवली. पहिल्यांदा काहीच झाले नाही. मग ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि पंख्याचे पाते दोन बोटे सरकले. त्या दोन बोटांचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. पुढे हेड उतरवल्यावर एका सिलिंडरमध्ये गंजाची कडी दिसली, म्हणून ब्लॉक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रिबोअर करून (सिलिंडर आतून किंचित मोठे करून) घेतला आणि नवे पिस्टन टाकले. इंजिनाचा सगळा खर्च 42 हजारांत बसला.

पेट्रोलची बाजू मात्र आज वेगळ्या काळजीने पाहावी लागते. टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर साचलेला होता. टाकी उतरवून, आतून धुऊन मगच ती वापरली. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीचे रबर त्यात फुगते किंवा चिरते, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत. मी सुरुवातीला पाइपावर पैसे वाचवले आणि तीन महिन्यांत कार्ब्युरेटरजवळ गळती लागली. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे किती धोक्याचे असते हे वेगळे सांगायला नको. दर आठवड्याला गाडी चालवणे शक्य नसेल, तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

सुटे भाग अजून मिळतात, पण पुढेही असेच मिळतील असे मानू नये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीचा माल वर्षानुवर्षे बाजारात फिरत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. मला ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, पॉइंट (प्लगला ठिणगी देणारे संपर्क), कंडेन्सर आणि क्लच प्लेट पुण्याच्या नाना पेठेत एका दिवसात मिळाले. पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या आणि दरवाजांच्या मूळच्या मुठी यांसाठी मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणून गाडी घेताना या चकाकणाऱ्या बारीकसारीक वस्तू एकूण एक जागेवर आहेत ना, हे पाहून भाव ठरवावा.

कागदांकडे दुर्लक्ष करू नये. नोंदणीची पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढलेली नसेल तर आधी ते काम करून घ्यावे लागते. 2021 च्या नियमांनुसार विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. माझ्या गाडीला ती सवलत लागू नाही आणि मला तिची गरजही वाटत नाही. तिची जुनी तीन अक्षरी पाटी मला फार प्रिय आहे.

चालवायला गाडी कशी आहे? ताशी साठपर्यंत अतिशय समाधानाची. सीट ऐसपैस आहेत, काचांतून चहूकडचे दिसते आणि दांड्यावरच्या गियरची दोन दिवसांत सवय होते. ब्रेकसाठी मात्र पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे लागते, रात्री दिवे लावून गाडी थांबली की बॅटरी चार्ज करणारा डायनामो पुरा पडत नाही आणि लिटरला बारा किलोमीटरच्या वर मला कधी मिळाले नाही. रेडिएटर नव्याने बांधून घेतल्यापासून पन्हाळ्याच्या चढावर एकदाही पाणी उकळलेले नाही.

ब्रेक, वायरिंग, टायर आणि सीटचे रेक्झिन यांचे 55 हजार धरून एकूण खर्च 2 लाख 82 हजारांवर गेला. विकून हे पैसे परत येतील या हिशेबाने कोणी ही गाडी घेऊ नये. घरात सावलीची, कोरडी जागा आणि गावात पॉइंट घासून गाडी चालू करणारा एक तरी मिस्त्री असेल, तर जरूर घ्यावी. माझ्या गाडीत समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून अजून पाणी झिरपते, कारण नव्याने मिळणारे रबर तिथे नीट बसत नाही. फ्लोअरचा नवा पत्रा पुन्हा त्याच वाटेने कुजू नये म्हणून जूनच्या आत ती काच उतरवून रबर दुसऱ्यांदा बसवणार आहे.