निक्को जी निब: पुराच्या चित्रासाठी वापरून पाहिलेला टाक

दिवाळी अंकातल्या एका कथेला पुराच्या रात्रीचं चित्र हवं होतं. ते मी सगळंच्या सगळं निक्कोच्या जी निबनं काढलं. ही जपानी निब तिकडच्या मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणाऱ्या चित्रकारांच्या रोजच्या वापरातली. टाकाच्या होल्डरमध्ये बसवायची आणि शाईत बुडवून काढायचं. एरवी कथाचित्रांना मी फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन, वापरते. त्याची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. वाडा, रस्ता, माणसांची गर्दी असेल तर छान चालतं. भीती दाखवायला मात्र ती रेघ कमी पडते.

सांगलीकरांना पूर समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे कृष्णा उसळत नाही, ती गुपचूप चढत राहते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि तरी गच्चीवरून बघताना ते संथच दिसायचं. म्हणून चित्रात फुटणाऱ्या तिरक्या लाटा नकोच होत्या. सगळं पाणी आडव्या रेघांत. आडवी रेघ स्वभावानं शांत असते. तिच्यात धास्ती आणायची तर मांडणीतूनच आणावी लागते. पूल मी कागदाच्या पार वरच्या कडेला नेला आणि खालचा तीन चतुर्थांश कागद पाण्याला देऊन टाकला. आकाश जवळजवळ नाहीच, त्यामुळे बघणाऱ्याला डोकं वर काढायला जागा राहत नाही. गच्चीवरची बाई डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी. तिच्या कंदिलाचा उजेड म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद.

निबची खरी करामत पाण्यात दिसली. दाब दिला की टोकाच्या दोन पात्या फाकतात आणि रेघ जाड होते. हात हलका केला की केसासारखी बारीक. गच्चीपाशी बारीक सुरू झालेली रेघ हात न उचलता कमानीकडे नेत जाड करत गेले. तशा रेघा एकीखाली एक आल्यावर पाणी उजवीकडे जड होत जातं आणि नजर बाईपासून सुटून पुलाखालच्या अंधारात ओढली जाते. तिथं सपाट काळं भरलं नाही. दोन दिशांच्या रेघा एकमेकींवर टाकल्या आणि मध्ये पांढरे ठिपके राहू दिले. सपाट काळा निश्चल वाटतो. या जाळीतला अंधार हलतो. फक्त रेघांमधलं अंतर जपायला हवं. अंकात चित्र लहान करून छापतात, तेव्हा दाट जाळी बुजून तिथं नुसता डाग उरतो.

हाताळायला ही निब लाडावलेली आहे. खाली ओढताना लोण्यासारखी आणि वर ढकलली की टोक कागदात रुततं, म्हणून कागदच फिरवत राहावं लागतं. नव्या निबवर गंज चढू नये म्हणून तेलकट थर असतो. तो साबणाच्या पाण्यानं पुसला नाही तर शाई धरत नाही. कार्ट्रिज पेपरचे तंतू पात्यांत अडकून शिंतोडे उडतात. गुळगुळीत आयव्हरी शीटवर रेघेच्या कडा स्वच्छ येतात.

शाई कॅम्लिनची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरली. काळा भरपूर दाट, आणि वाळल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला तरी सुटला नाही. अशी शाई निबवर वाळली तर खरवडावी लागते, तेव्हा ओलं फडकं हाताशी हवंच. फाउंटन पेनमध्ये ती चुकूनही भरू नका, पेन तुंबतं.

घाईच्या कामाला, प्रवासात स्केच करायला ही निब घेऊ नका. कथाचित्रं करणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावी. दोन-तीन एकदम मागवा, कारण वापरून पात्या फाकल्या की बारीक रेघ मिळेनाशी होते. होल्डर मागवताना तो जी निबच्या मापाचा आहे का, तेवढं बघून घ्या.