कॉम्प्युटरच्या उष्णतेवर खोली कोरडी: वाळपईत जून ते फेब्रुवारी वापरून झाल्यावर

गोव्यात राहून खोली तापवायची म्हटलं की पणजीकडचे लोक हसतात. त्यांनी जुलैत सत्तरी तालुक्यात येऊन आठवडाभर राहावं. आमचं घर वाळपईजवळ. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभा दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, त्यामुळे आमच्याकडे त्याहून बराच जास्त. जुलैत चिरा जे पाणी पितो ते चवथ (गणेशचतुर्थी) उलटली तरी सोडत नाही. चपलांवर पांढरी बुरशी, गादीला कुबट वास, आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर एकदा बुरशी धरली की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच घाम फुटतो. थर्मामीटर २५-२६ अंश दाखवत असतो, पण अंगावरची चादर हाताला थंड आणि ओलसर लागते.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. त्यासाठी घेतलेला डेस्कटॉप हाच या लिखाणाचा विषय: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. गंमत अशी की तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत या मशीनला दम घ्यायला सवड नसते आणि चातुर्मासात त्याला जवळजवळ काहीच काम नसतं. म्हणजे घराला उबेची खरी गरज असते तेव्हाच ही शेगडी थंड पडलेली. म्हणून जूनपासून मी ते मुद्दाम राबवायला लागले.

कॉम्प्युटर हा हीटरच आहे, यात अलंकारिक काही नाही. त्याने घेतलेली वीज शेवटी सगळी उष्णताच होते. पंख्याने ढकललेली हवासुद्धा थांबते तेव्हा तिची ऊर्जा उष्णतेत जाते. २८० वॉट ओढणारा कॉम्प्युटर आणि २८० वॉटचा हीटर यांत खोलीच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. पॉवर सप्लाय गोल्ड दर्जाचा (कमी वीज वाया घालवणारा) की साधा, ही एरवीची चर्चाही इथे निकालात निघते, कारण जे वाया जातं ते खोलीतच वाया जातं.

नुसत्या चालू कॉम्प्युटरने मात्र काही होत नाही. रिकामा बसला की माझा साठेक वॉट ओढतो. त्याला सतत काम हवं. ते मी फोल्डिंग ॲट होमचं दिलं. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प. प्रथिनांची साखळी कशी दुमडते, कुठे चुकते, याचं गणित जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर वाटून करून घेतात. कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, त्यात लोकांची झुंबड उडाली होती. ज्यांनी एके काळी परग्रहावरचे संकेत शोधणारं सेटी ॲट होम चालवलं असेल त्यांना कल्पना माहीत आहे. ते काम मार्च २०२० मध्ये थांबलं, हे अजून चालू आहे. प्रोग्रॅम फुकट, आणि तो मधूनमधून आपली प्रगती साठवून ठेवतो. वीज गेली तर शेवटच्या काही मिनिटांचं काम जातं, बाकी पुढे चालू. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाणं हा पावसाचाच भाग असल्यामुळे हे फार महत्त्वाचं. प्रत्येक कामाला मुदत असते एवढं लक्षात ठेवायचं. रात्री बंद करताना ‘फिनिश’ दाबलं की हातातलं काम संपवून तो नवीन घेत नाही.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं साधं हायग्रोमीटर, ही दोन यंत्रं आधी घ्या. त्यांच्याशिवाय हा सगळा खेळ अंदाजपंचे आहे. खोली दहा बाय दहाची आणि वर फळ्यांचा माळा आहे. माळा नसता तर हे लिहिलंच नसतं, कारण कौलांच्या फटींतून गरम हवा सरळ वर निघून जाते. दार-खिडकी लोटून मशीन संध्याकाळपासून चालवलं की रात्रीपर्यंत खोली तीन-चार अंशांनी चढते. पुस्तकी हिशेब असा की २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा तशीच ३० अंशांवर नेली तर आर्द्रता ७१ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवी. माझ्याकडे ती ७४-७५ दाखवायची, कारण भिंती आपलं पाणी सोडत असतात. म्हणून सकाळी थोडा वेळ खिडकी उघडायची, ओली हवा बाहेर घालवायची आणि पुन्हा लोटायची. ऑगस्टपासून आकडा सत्तरच्या आसपास स्थिरावला. सतत ऐंशीच्या वर राहणाऱ्या खोलीत बुरशी फोफावते, सत्तरच्या खाली तिचा जोर बराच ओसरतो. या खोलीत ठेवलेल्या लेन्स आणि पुस्तकं पावसाळ्यातून स्वच्छ निघाली. बाजूच्या खोलीतल्या पट्ट्याला आणि चपलांना पांढरी लव आलीच.

मात्र हे नीट समजून घ्या: तापवल्याने हवेतलं पाणी थेंबभरही कमी होत नाही. गरम हवा जास्त वाफ सामावू शकते, म्हणून टक्केवारी उतरते, इतकंच. मशीन बंद केलं आणि खोली निवली की आकडा पुन्हा होता तिथे.

याचा खरा प्रत्यय कपड्यांनी दिला. सासूबाईंनी उबदार खोली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांचा स्टँड आत आला. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६८ युनिट उष्णता लागते. मशीनमध्ये पिळलेल्या घरभरच्या कपड्यांत दोन लिटर पाणी सहज उरतं. म्हणजे २८० वॉटच्या कॉम्प्युटरची जवळजवळ पाच तासांची सगळी उष्णता नुसती ते पाणी उडवायला जाते, आणि उडालेलं पाणी जातं कुठे? खोलीतच. हायग्रोमीटर दीड तासात पंचाऐंशीवर. खिडकीच्या वरच्या झडपेत सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला तेव्हा गोष्ट जमली. दाराखालच्या फटीतून घरातली हवा आत येते, तापते, कपड्यांतलं पाणी घेते आणि बाहेर जाते. साड्या आणि शर्ट रात्रभरात वाळतात, त्यांना तो पावसाळी वास राहत नाही. जीन्सचा कमरेचा पट्टा आणि टॉवेलच्या कडा मात्र सकाळी दमटच. आणि सुती कपड्यांचे तंतू थेट कॅबिनेटच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळीवर करडा नमदा तयार होतो, कार्डाचं तापमान चार-पाच अंशांनी वाढतं आणि पंखे बोंबलायला लागतात. दर रविवारी जुन्या रंगाच्या ब्रशने जाळी झाडावी लागते.

ज्याचा मी विचारही केला नव्हता तो उपयोग म्हणजे घुमट. गोव्याबाहेरच्यांसाठी: घुमट हे दोन तोंडांचं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं. चवथीच्या आरत्या त्याच्याशिवाय होत नाहीत. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पण दर्जा मिळाला म्हणून चामडं पावसात ढिलं पडायचं थांबत नाही. दमट दिवसांत त्यावर थाप मारली की भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येतो, म्हणून आरतीआधी ते चुलीच्या धगीवर शेकतात. आता गॅस आल्यापासून चूल कुठे पेटते?

माझा दीर आरतीला घुमट वाजवतो. ऑगस्टअखेर त्याचा ठरलेला प्रश्न, “वहिनी, मशीन चालू आहे ना? घुमट आणून ठेवतो.” कॅबिनेटच्या मागून येणारी हवा चाळिशीच्या आसपास असते. अगदी तोंडाशी ठेवलं तर चामडं एका बाजूने जास्त ताणलं जाऊन तडकण्याची भीती, म्हणून हातभर लांब, पाटावर, चामडं हवेकडे न करता तिरकं. तो येताजाता नखाने टिचकी मारून पाहतो. आधी नुसता टप्प. तासाभराने त्यात थोडी खणक येते, आणि मग मडक्याचं दुसरं तोंड तळव्याने झाकत-उघडत वाजवलं की तो घुमणारा आवाज बरोबर सुटतो. चुलीवर शेकलेलं घुमट वाजवता वाजवता पुन्हा उतरतं. हे रात्रभर कोरड्या खोलीत राहिलेलं असल्यामुळे जास्त वेळ टिकलं. हे त्याचं मत, आणि त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. माझा तक्रारीचा सूर एवढाच की आरतीच्या दिवसांत माझ्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा नसते.

आता त्रास. आवाज आहे. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज ओढेल ती मर्यादा, १७० वरून १३० वॉटवर आणली. काम थोडंच मंदावलं, पंख्यांचा आवाज पुष्कळच कमी झाला. ज्यांना फक्त ऊब हवी ते म्हणतील, मग उष्णताही घटली. घटली, पण त्या आवाजात झोपायचं की दोन तास जास्त चालवायचं, यात मी दुसरं निवडलं. ऊब जीवजंतूंनाही आवडते. पाली कॅबिनेटवर ठाण मांडतात आणि मुंग्या राउटरमध्ये. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या जागेवर असू द्या आणि उघड्या भोकांना बारीक जाळी लावा. पालीने सर्किटवर प्राण सोडला तर प्राण दोघांचाही जातो. मान्सूनच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग भिंतीतून उपसून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. यूपीएस फक्त व्यवस्थित बंद करण्यापुरता. ६०० व्हीएचा छोटा डबा एवढा भार काही मिनिटांच्या वर ओढत नाही.

बिल. रोज दहा तास, २८० वॉट, म्हणजे महिन्याला ८४ युनिट. पॉवर लिमिट लावल्यावर त्याहून कमी. घरगुती वीजदर टप्प्यांचा असतो. हे वरचे युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात मोजले जातात, सरासरी दराने नाही. नवऱ्याने बिल पाहून भुवई उंचावली, मग लेन्स साफ करून घेण्याचं जुनं बिल समोर ठेवलं, विषय मिटला.

“मग एखादं क्रिप्टो नाणं तरी काढ, वीज तरी सुटेल,” असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक चवथीला भेटतात. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धतच बदलली, तेव्हापासून ग्राफिक्स कार्डवर ते काढता येत नाही. बिटकॉइनला त्यासाठीच बनवलेली यंत्रं लागतात. वर आपल्याकडे अशा कमाईवर ३० टक्के कर. या वाटेने जाऊ नका.

थंडीचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा सोळा-सतरापर्यंत उतरतो. चिऱ्याची भिंत गार पडलेली असते आणि पहाटे बसून काम करताना बोटं आखडतात. तेव्हा लग्नांचं काम असतंच. एडिटिंगचा भार मात्र फोल्डिंगसारखा एकसारखा नसतो, व्हिडिओ एक्सपोर्ट होताना खोली ऊबदार, टाइमलाइन कापत बसलं की पुन्हा गार. दोन अंशांचा फरक पडतो, शाल खांद्यावरून मांडीवर येते. त्या देशांत, जिथे खरी थंडी असते, याच कल्पनेवर धंदे उभे आहेत. फ्रान्समधल्या कार्नो कंपनीने गणित करणारे हीटर घरांत बसवले आणि इंग्लंडमध्ये एक्समथच्या तरणतलावाचं पाणी २०२३ मध्ये काही अंशी एका छोट्या डेटा सेंटरच्या उष्णतेवर तापवायला लागले. आपल्याला एवढी ऊब लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तर हीच उष्णता शत्रू होते: मशीनने टाकलेली उष्णता एसीने बाहेर काढायची, म्हणजे तिच्यासाठी आणखी साधारण तिसरा हिस्सा वीज. मार्चपासून फोल्डिंग पूर्ण बंद.

डीह्युमिडिफायर घ्यावा की हे करावं? मेव्हण्याकडे कॉम्प्रेसरवाला आहे, काही दिवस आणून शेजारच्या खोलीत चालवला. सरळ सांगते, ओल काढायच्या कामात त्याच्यापुढे कॉम्प्युटर उभा राहत नाही. तो पाणी खरोखर हवेतून काढून टाकीत टाकतो, आणि त्या पाण्याची उष्णता वर खोलीला देतो, म्हणून खोली थोडी गरमही होते. फक्त ओलीसाठी पैसे घालायचे असतील तर तोच घ्या. कॉम्प्युटर हीटर म्हणून विकत घेणं तर वेडेपणा आहे, कपाटात झिरोचा बल्ब लावायची आजीची युक्ती त्याहून स्वस्त. पण मशीन घरात आहेच, पावसाळ्यात रिकामं आहे, खोली लहान आणि वरून बंद आहे, आणि चाललेली वीज कुणाच्या तरी संशोधनाला लागावी असं वाटतं, तर अवश्य करा. उघड्या कौलांच्या मोठ्या खोलीत करू नका.

येत्या मेअखेर मशीन जमिनीवरून उचलून फूटभर उंच फळीवर ठेवणार आहे, तंतू कमी जातील आणि दिराच्या घुमटाला खाली जागा होईल. सासूबाईंचा स्टँड एक्झॉस्टच्या बाजूला सरकवायचा आहे. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.