एसआयईची तयारी: क्लास लावावा, व्हिडिओ बघावेत की पुस्तक घेऊन बसावं?

अमेरिकेत शेअर आणि रोख्यांच्या व्यवसायात शिरायचं असेल तर पहिली परीक्षा असते ती 'सिक्युरिटीज इंडस्ट्री इसेन्शियल्स', म्हणजेच एसआयई. फिनरा ही नियामक संस्था १ ऑक्टोबर २०१८ पासून ही परीक्षा घेते. वय १८ पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. नोकरी हातात असण्याची किंवा एखाद्या कंपनीने आपलं नाव पुढे करण्याची अट नाही. त्यामुळे पदवी संपत आलेले विद्यार्थी आणि दुसऱ्या क्षेत्रातून इकडे वळू पाहणारे लोक ती आधीच देऊन ठेवतात. निकाल ४ वर्षं ग्राह्य धरला जातो. मात्र एवढ्यावर ग्राहकांना शेअर विकण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी कंपनीत रुजू होऊन सिरीज ७ सारखी पुढची परीक्षा द्यावीच लागते.

कंपनीत असलेल्यांना अभ्यासाचं साहित्य बहुधा कंपनीच देते. स्वतःहून परीक्षा देणाऱ्याला ते स्वतः निवडावं लागतं आणि पैसेही स्वतःचे जातात. म्हणून ही तुलना अशा माणसासाठी आहे.

आधी पेपर बघा

पेपरात ८५ प्रश्न येतात. गुण त्यातल्या ७५ प्रश्नांनाच असतात. उरलेले १० चाचणीपुरते असतात आणि ते कोणते हे कळत नाही. वेळ १ तास ४५ मिनिटं, उत्तीर्ण होण्यासाठी ७० गुण (७५ पैकी नव्हे, १०० च्या मापावर). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आता वाटणी बघा. गुंतवणुकीचे प्रकार आणि त्यातली जोखीम यावर ३३ प्रश्न. खरेदी-विक्री, ग्राहकांची खाती आणि निषिद्ध व्यवहार यांवर २३. भांडवली बाजाराच्या ओळखीवर १२. नियामक चौकटीवर फक्त ७. ही रूपरेषा फिनराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. काहीही विकत घेण्याआधी ती छापून भिंतीवर लावा. कायद्यांची नावं आणि सालं पाठ करायला सोपी असतात, म्हणून अनेकांचा जीव तिथेच रमतो. पण ७५ पैकी ५६ प्रश्न दोनच विभागांतून येतात. कुठलंही साधन निवडताना मी पहिल्यांदा हेच विचारते: या ५६ प्रश्नांसाठी ते काय देतं?

पुस्तक

रोख्यांसाठी पुस्तकाला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. हा विषय सावकाश वाचावा लागतो, पेन्सिल हातात धरून. उदाहरणार्थ, १,००० डॉलर दर्शनी किमतीचा, ५ टक्के व्याजाचा रोखा बाजारात ८०० डॉलरला मिळतोय. वर्षाचं व्याज ५० डॉलरच राहतं, पण गुंतवले ८००, म्हणून करंट यील्ड, म्हणजे आजच्या किमतीवरचा परतावा, ६.२५ टक्के. मुदत संपेपर्यंत ठेवला तर वरचे २०० डॉलरही मिळतात, म्हणून मुदतीपर्यंतचा परतावा त्याहूनही जास्त. हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत का उतरते, हे पाठ करावं लागत नाही. पालिका आणि राज्यांच्या रोख्यांचंही तसंच. सर्वसाधारण दायित्वाच्या रोख्यामागे करवसुलीचा अधिकार असतो आणि महसुली रोख्याची परतफेड त्या प्रकल्पाच्या कमाईतून, उदाहरणार्थ पुलाच्या टोलमधून होते. हा फरक शांतपणे वाचलेल्याच्याच लक्षात राहतो.

पुस्तकात एक धोका असतो, तो म्हणजे जुनी आवृत्ती. कुणी वापरलेलं पुस्तक स्वस्तात दिलं तर आधी व्यवहारपूर्तीचं पान उघडा. २८ मे २०२४ पासून शेअरचा व्यवहार एका कामकाजाच्या दिवसात पूर्ण होतो. पुस्तकात अजून दोन दिवस लिहिले असतील तर ते पुस्तक परत करा. ठेवलंत तर पैसे वाचतील, पण गुण जातील.

व्हिडिओ

ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारे करार, कळत नसतील तर व्हिडिओ बघा. फळ्यावर आकृती काढून कुणी समजावलं की कॉल (घेण्याचा हक्क) आणि पुट (विकण्याचा हक्क) लवकर डोक्यात बसतात. पण ऐकताना सगळं पटतं आणि आपल्याला येतं असं वाटू लागतं, हीच व्हिडिओची मोठी अडचण आहे. म्हणून व्हिडिओ थांबवून उत्तर स्वतः काढा. ५० डॉलर स्ट्राइकचा (म्हणजे ठरलेल्या किमतीचा) कॉल शेअरमागे ३ डॉलर प्रीमियम (म्हणजे त्या हक्काची किंमत) देऊन घेतला, तर ना नफा ना तोटा कुठे? ५३ ला. जास्तीत जास्त तोटा किती? एका करारात १०० शेअर, म्हणून ३०० डॉलर. तोच कॉल हातात शेअर नसताना विकला असेल तर? तोट्याला मर्यादाच नाही. आता पुट घ्या: ५० स्ट्राइक, ३ प्रीमियम, बरोबरी ४७ ला. ही चार उत्तरं कागद न बघता येत असतील तर पुढचा व्हिडिओ लावा, नाहीतर तोच पुन्हा बघा.

फक्त व्हिडिओंवर पेपर द्यायला जाऊ नये असं मला वाटतं. प्रवासात किंवा स्वयंपाक करताना उजळणीसाठी ते उत्तम आहेत.

क्लास

सगळ्यात महाग पर्याय हाच आहे, आणि काहींसाठी तो खरोखर लागतो. ज्यांनी कधी ब्रोकरकडे खातं उघडलेलं नाही, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) आणि लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावाला) यांतला फरक ज्यांना अनुभवातून माहीत नाही, त्यांना प्रश्न विचारायला जिवंत माणूस हवा. त्या २३ प्रश्नांच्या विभागात अनुभवी शिक्षकाचा फार उपयोग होतो. ग्राहकाने १०,००० डॉलरहून जास्त रोख भरली तर काय करायचं, मार्जिन खातं (ब्रोकरकडून उसने पैसे घेऊन शेअर घेण्याचं खातं) कसं चालतं, ग्राहकाच्या ऑर्डरआधी स्वतःची ऑर्डर घालणं निषिद्ध का आहे, हे प्रत्यक्ष कामाच्या गोष्टींतून ऐकलं की नियम मनात राहतो. अभ्यासाची सवय सुटून बरीच वर्षं झालेल्यांनाही क्लासच्या ठरलेल्या वेळेचा आधार मिळतो.

तोटा हा की क्लास सगळ्यांच्या वेगाने चालतो. लेखाशास्त्र शिकलेल्या माणसाला तिथे शेअर म्हणजे काय हे ऐकत बसावं लागतं. 'उत्तीर्ण होण्याची हमी' असं लिहिलेलं दिसलं तर अटी शेवटपर्यंत वाचा. हमीत पुन्हा क्लासला बसण्याची परवानगी आहे, फीचा परतावा आहे की पुन्हा भराव्या लागणाऱ्या परीक्षाशुल्काचाही समावेश आहे, हे लेखी विचारून घ्या.

प्रश्नसंच लागतोच

वरच्या तिघांपैकी काहीही निवडा, प्रश्नसंच त्याच्या जोडीला हवाच. मोजकेच पैसे असतील तर चांगल्या प्रश्नसंचावर आणि ताज्या आवृत्तीच्या पुस्तकावर खर्च करा, व्हिडिओ फुकटचे बघा. मला विचाराल तर बहुतेकांसाठी हीच जोडी पुरेशी आहे.

उलट, नुसता प्रश्नसंच घोकणं घातक आहे. तेच प्रश्न पुन्हा सोडवले की गुण फुगतात, कारण उत्तर आठवतं, त्यामागचा तर्क आठवत नाही. पेपरात प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. एसआयपीसी या ग्राहक-संरक्षण संस्थेचं संरक्षण एका ग्राहकाला ५,००,००० डॉलरपर्यंत, त्यात रोख २,५०,००० पर्यंत, हे आकडे पाठ असतात. पण 'बाजार पडल्याने झालेलं नुकसान यातून भरून मिळतं का' असं विचारलं की गोंधळ उडतो. मिळत नाही. ब्रोकर बुडाला आणि ग्राहकांचे शेअर किंवा पैसे जागेवर नसले, तर त्यासाठी ते संरक्षण आहे. म्हणून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एका ओळीत कारण लिहा, आणि बाकीचे तीन पर्याय का चूक होते तेही. त्यात वेळ जातो, पण खरा अभ्यास तिथेच होतो. फिनराची फुकट सराव परीक्षा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा आणि एका बैठकीत, घड्याळ लावून सोडवा.

तारीख आणि वेग

नोंदणी केली की परीक्षा देण्यासाठी १२० दिवसांची मुदत मिळते. अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकलेल्याने, दिवसाला तीन-चार तास मिळत असतील तर, झपाट्याने अभ्यास करून पेपर द्यावा. लांबवलं की ऑप्शन आधी विसरतात. नोकरी सांभाळून रोज एखादाच तास मिळणाऱ्याने दोन-तीन महिने धरावेत, पण तारीख आधीच घ्यावी.

उत्तीर्ण होणाऱ्याला गुण कळवले जात नाहीत, नुसता निकाल मिळतो. तेव्हा सराव परीक्षांत सातत्याने ८०च्या आसपास गुण मिळू लागले की ९५ची वाट बघत बसू नका. अनुत्तीर्ण झाल्यास मात्र गुण आणि विभागवार कामगिरी दोन्ही हातात येतात. पहिल्या आणि दुसऱ्या अपयशानंतर ३० दिवस थांबावं लागतं, तिसऱ्यापासून पुढे १८० दिवस. त्या ३० दिवसांत नवीन क्लासचे पैसे भरण्याआधी तो विभागवार अहवाल उघडा. गुंतवणुकीच्या प्रकारांत मार खाल्ला असेल तर रोखे आणि ऑप्शन पुन्हा पुस्तकातून करा. खाती आणि निषिद्ध व्यवहारांत खाल्ला असेल तर तेवढ्या विभागासाठी कुणा अनुभवी माणसाकडे दोन-चार तास बसा. सगळे विभाग सारखेच कच्चे निघाले असतील, तर पूर्ण क्लास लावणं योग्य ठरेल.