मोल्ड ताब्यात घेण्यापूर्वी त्यातून पाणी सोडून पाहा

बेळगावच्या उद्यमबागेत माझे प्लास्टिकच्या डब्यांची झाकणे काढण्याचे छोटे वर्कशॉप आहे. एका नव्या झाकणासाठी बाहेरगावच्या मोल्डमेकरकडून साचा करून घेताना मी फसलो. कोअर आणि कॅव्हिटी (झाकणाला आतून आणि बाहेरून आकार देणारे साच्याचे दोन भाग) पी-२० या साच्यांसाठीच्या कणखर पोलादाची असतील असे त्याने तोंडी सांगितले होते. बिलावर मात्र ‘मोल्ड – १ नग’ एवढेच लिहिले होते.

ट्रायल त्याच्याच मशीनवर झाली. त्याने वीस-पंचवीस शॉट (साच्यात प्लास्टिक भरून झाकण काढण्याच्या फेऱ्या) काढून दाखवले. इजेक्टर पिना झाकण सफाईने बाहेर ढकलत होत्या आणि कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निघालेले जादा प्लास्टिक, अजिबात नव्हता. साचा थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या जोडलेल्या नव्हत्या. ‘एवढ्या शॉटना पाणी कशाला, दादा?’ असे तो म्हणाला, मला ते पटले आणि उरलेली रक्कम मी तिथेच दिली.

आमच्याकडे सलग काम सुरू होताच झाकणे वाकडी येऊ लागली. २०० अंशांच्या वर तापलेले पॉलिप्रोपिलीन स्प्रू बुश या तोंडातून रनर या वाहिनीत आणि गेट या अरुंद वाटेतून कॅव्हिटीत शिरते. ती उष्णता प्लेटांमधून फिरणाऱ्या पाण्याने ओढून घेतली नाही, तर साचा तापत जातो आणि गरम निघालेले झाकण बाहेर आल्यावर असमान आकसते. पाण्याचा दाब वाढवूनही फरक पडेना, तेव्हा शेजारच्या टूलरूममधील काकांनी निपल (पाण्याची नळी जोडायची तोटी) काढून भोकात तार घातली. ती दोन इंचांवर अडली. चारही ठिकाणी तेच! बाहेर निपल बसवले होते, पण आत पाण्याला वाटच नव्हती.

मग काकांनी गाइड पिलरवर, म्हणजे साच्याचे दोन भाग नेमके जुळवणाऱ्या दांड्यावर, कानस फिरवली. हार्डनिंग करून कडक केलेल्या पिलरवरून कानस नुसती घसरते. इथे चकचकीत कीस निघाला. पी-२० साधारण २८ ते ३२ एचआरसी (रॉकवेल सी या कडकपणाच्या मापात) भरते, आमच्या कॅव्हिटीचे मात्र रॉकवेल सी मापनच लागेना, म्हणजे ते साधे, मऊ माइल्ड स्टील होते. पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथली, कड दबून पुढे प्रत्येक झाकणाला फ्लॅश येऊ लागला, तो याचमुळे.

मोल्डमेकर आता फोन उचलत नाही आणि बिलावर पोलादाचा उल्लेख नसल्याने माझ्या हाती काही पुरावा नाही. म्हणून कळकळीने सांगतो: पोलादाचा प्रकार आणि हार्डनेस ऑर्डरवर लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि ट्रायल पाणी जोडून किमान दोन तास सलग चालवायला लावा. नवा साचा मी इथेच करायला दिला आहे. कूलिंगची भोके पाडून झाली की प्लेट जोडण्याआधी मला बोलवायचे, असे ऑर्डरवरच लिहिले आहे.