घरपोच कॅथेटर शुश्रूषा: सिस्टर उत्तम, कार्यालय ढिसाळ

लघवीची नळी दीर्घकाळ ठेवलेल्या रुग्णासाठी परिचारिका नेमताना ती नळी किती सफाईने बदलते, एवढेच बहुतेक जण पाहतात. तिचे खरे कसब मात्र दोन बदलांमधल्या दिवसांत कळते. अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासऱ्यांसाठी पुण्यातील ज्या खासगी संस्थेची सेवा आम्ही घेतो, तिच्या सिस्टर या बाबतीत चोख आहेत.

हात धुऊन झाल्यावर त्या प्रथम नळी कुठे मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का आणि मांडीवरची पट्टी सैल झाली आहे का, हे पाहतात. रुग्णाला कुशीवर वळवताना लघवी साठवणारी पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर जाऊ नये आणि एरवीही ती जमिनीला टेकू नये, याकडे त्यांचे लक्ष असते. स्वच्छतेसाठी साबण आणि पाणी पुरते, असे सांगून आमच्याकडचे जंतुनाशक द्रावण त्यांनी बाजूला ठेवायला लावले. नळी आणि पिशवी यांचा जोड विनाकारण सोडायचा नाही, हा त्यांचा नियम घरातल्या मंडळींनाही लागू आहे (सासूबाईंनाही!). लघवी गढूळ दिसताच आम्ही प्रतिजैविकाचा आग्रह धरला, तेव्हा महिनाभर नळी राहिली की जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात, ताप, थंडी किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा, असे त्यांनी शांतपणे समजावले.

कार्यालयाचा कारभार मात्र निराळा आहे. सिलिकॉनची नळी साधारण 12 आठवड्यांपर्यंत चालते, लॅटेक्सची त्याहून लवकर बदलावी लागते. असे असताना कोणती नळी कधी घातली आणि ती मूत्राशयात टिकवून धरणाऱ्या फुग्यात किती मिली पाणी भरले, याची नोंद फाइलमध्ये नव्हती. बदली सिस्टर आल्या की त्यांना सगळे आम्हीच सांगायचे. एका रात्री नळी तुंबून बाजूने लघवी गळू लागली, पोट फुगले, आणि ‘चोवीस तास’ म्हणून दिलेल्या क्रमांकावर सकाळी माणूस पाठवतो, असे उत्तर मिळाले. तुंबलेली नळी सकाळपर्यंत थांबत नाही. शेवटी रुग्णवाहिका बोलवावी लागली.

दर वाजवी आहेत आणि दिवसाच्या सेवेसाठी ही संस्था मी जरूर सुचवेन. रात्री नळी बदलायला कोण येणार, हे मात्र करार करण्यापूर्वी लेखी घ्यावे.