आधी आमदारकी, मग न्यायासन? दोन वाटा शेजारी ठेवून बघा

वकिली बरी चालली आहे, पक्ष तिकीट द्यायला तयार आहे, पण मनातून न्यायाधीश व्हायचंय. अशा पेचात असाल तर दोन कारकिर्दी नीट बघा: केरळचे व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या सँड्रा डे ओ'कॉनर. दोघंही आधी राज्याच्या विधिमंडळात होते आणि पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले.

ओ'कॉनर 1969 मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये आल्या, 1973 मध्ये बहुमतवाल्या पक्षाच्या तिथल्या नेत्या झाल्या. तेव्हा तिथे काउंटीचे (म्हणजे साधारण जिल्ह्याचे) न्यायाधीशही मतदारच निवडत. 1974 मध्ये त्यांनी तीही निवडणूक जिंकली. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी देशाच्या सिनेटमध्ये त्यांच्या बाजूने 99 मतं पडली, विरोधात एकही नाही. मतं मागून न्यायासनावर जायची सोय आपल्याकडे नाही, हा फरक आधी लक्षात घ्या.

कृष्ण अय्यर 1952 मध्ये मद्रास विधानसभेत, 1957 मध्ये केरळ विधानसभेत गेले. मुख्यमंत्री नंबूद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग अशी खाती त्यांच्याकडे होती. 1959 मध्ये ते सरकार बरखास्त झालं. उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून ते आले 1968 मध्ये. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलं, तेव्हा मुंबईच्या वकिलांमधून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत नामवंत वकील सोली सोराबजी होते. आपली चूक झाली, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

राजकारणाचा शिक्का असा चिकटतो. तो पुसला जातो फक्त निकालांनी. 24 जून 1975 ला, न्यायालयाच्या सुट्टीत तातडीची प्रकरणं ऐकणारे न्यायाधीश म्हणून, लोकसभेवरची निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धचा इंदिरा गांधींचा अर्ज एकट्या कृष्ण अय्यर यांच्यासमोर होता. त्यांनी स्थगिती दिली, पण अट घालून: पंतप्रधान राहा, सभागृहात बसा, मत मात्र द्यायचं नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. आणि तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, ते याचिका म्हणून ऐकून निकाल लिहिणारा न्यायाधीश एकेकाळचा तुरुंगमंत्री होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमचं. न्यायासन हेच ध्येय असेल तर तिकीट नाकारा. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली लागते, जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात. उच्च न्यायालयासाठी दहा वर्षं लागतात, पण तिथे परीक्षा नाही, नाव कॉलेजियमने, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, सुचवावं लागतं.

लोकांची कामं करायची खरीच ओढ असेल तर जरूर लढा. आमदार झाल्यावरही वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते स्पष्ट केलंय. त्यामुळे सनद जिवंत ठेवा, कोर्टात उभे राहत जा. पुढे कधी नाव सुचवलं गेलंच, तर तुमची भाषणं आणि तुमचे खटले दोन्ही काढून वाचले जातील.